नोटीस हाती आल्यावर



खापरखेड्यात पगाराची तारीख कोणती, हे कोणाला विचारावे लागत नाही. त्या दिवशी बाजारात गर्दी असते, किराणा दुकानदाराची वही उघडी असते, आणि ज्यांचे आपण देणे लागतो ती माणसे नेमकी आपल्याच वाटेवर भेटतात. आजच्या वीज केंद्राचा २१० मेगावॉटचा पहिला संच येथे १९८९ साली सुरू झाला आणि ५०० मेगावॉटचा पाचवा २०११ साली. शेजारी सिल्लेवाडा, वलनी, पाटणसावंगी ही कोळशाच्या खाणींची गावे, आणि कोलार-कन्हानच्या काठची शेती. अशा गावात पैसा दरमहा येतो. जेथे पैसा दरमहा येतो तेथे कर्ज देणारेही आपण होऊन येतात. घरासाठी बँक, लग्नासाठी पतसंस्था, दवाखान्यासाठी कोणी ओळखीचा ‘शेठ’. सगळे सुरळीत चालले असता एखादा अपघात होतो, ठेकेदाराचे काम बंद पडते, नाहीतर संत्र्याचा बहार गळतो. हप्ता चुकतो. मग एके दिवशी पोस्टमन तांबड्या अक्षरांचे पाकीट घेऊन दारात उभा राहतो.

तुम्ही कर्ज का काढले, हा प्रश्न मी आज विचारणार नाही. तो विचारायला घरची माणसे आणि सोयरेधायरे पुष्कळ आहेत. पाकीट हातात आल्यानंतर कायदा तुम्हाला काय देतो आणि काय देत नाही, एवढेच सांगायचे आहे.

पाकिटापासूनच सुरुवात करू. आपल्याकडे एक समजूत फार पक्की आहे. “घेतलीच नाही नोटीस, तर काय करते बँक?” असे लोक मोठ्या विश्वासाने म्हणतात. पोस्टमन दिसला की पोराला सांगतात, बाबा घरी नाहीत म्हण. पण रजिस्टर पत्र बरोबर पत्त्यावर पाठवले आणि घेणाऱ्याने नाकारले, तर ते त्याला मिळाले असेच कायदा धरून चालतो. शिवाय नोटीस दाराला चिकटवता येते, वर्तमानपत्रात छापता येते. म्हणजे नोटीस न घेतल्याने तिची मुदत थांबत नाही. ती मुदत आपल्याला कळत नाही, एवढाच काय तो फरक पडतो. तेव्हा पाकीट घ्या, ते कोणत्या तारखेला मिळाले ते त्यावरच लिहून ठेवा आणि फोडून वाचा. वाचता येत नसेल तर त्याच दिवशी वाचून घ्या.

वाचताना पहिली गोष्ट पाहायची ती ही की पैसा कोणाचा. बँकेचा, पतसंस्थेचा, की सावकाराचा? तिघांचे कायदे निराळे, मुदती निराळ्या आणि दाद मागण्याची दारेही निराळी. चुकीच्या दारात उभे राहून महिना घालवलेला माणूस योग्य दारापाशी पोचतो तोवर ते बंद झालेले असते.

बँकेचे कर्ज आणि घर तारण, असे असेल तर बहुतेक वेळा २००२ सालचा एक कायदा लागू होतो. त्याला सगळे ‘सरफेसी’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. त्या कायद्याने बँकेला मोठी सवलत दिली आहे. कोर्टात दावा न लावता ती तारण घर ताब्यात घेऊन विकू शकते. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे की नाही, यावर पुष्कळ वर्षे वाद चालला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये तो मिटवला. लागू आहे, असे ठरले. मोठ्या वित्त कंपन्यांनाही वीस लाख आणि त्यावरच्या कर्जासाठी ही वाट २०२१ पासून मोकळी आहे.

आता तारखा पाहा. हप्ता ठरल्या दिवशी आला नाही आणि थकून नव्वद दिवसांवर गेला की बँक ते खाते अनुत्पादक ठरवते. म्हणजे जानेवारीच्या पाच तारखेचा हप्ता एप्रिल लागला तरी भरलेला नाही, तर धोक्याची घंटा वाजली. त्यानंतर येते ती साठ दिवसांची नोटीस, कलम १३, पोटकलम २ ची. सगळे येणे साठ दिवसांत भरा, असे तीत असते. ती वाचून घाबरलेला मनुष्य एक तर देवळात जातो किंवा दुसरे कर्ज काढायला जातो. त्याने करायचे असते ते निराळेच. या साठ दिवसांत बँकेला लेखी उत्तर देण्याचा त्याला हक्क आहे. हिशेबात चूक असेल, भरलेले हप्ते जमा दाखवले नसतील, विमा उतरवलेला असूनही त्याची रक्कम धरली नसेल, आजारपणामुळे मुदत हवी असेल, ते सगळे त्या पत्रात लिहायचे. असे पत्र मिळाल्यावर पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे. पुष्कळ माणसे शाखेत जातात, मॅनेजरसाहेबांसमोर रडतात आणि तोंडी आश्वासन घेऊन परततात. मॅनेजर बदलून जातो. कागद मात्र फायलीत राहतो. म्हणून पत्र लिहा आणि प्रतीवर पोच घ्या.

पत्र लिहिण्यापूर्वी खात्याचा संपूर्ण उतारा मागून घ्या. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये असे ठरवून दिले की चुकलेल्या हप्त्याबद्दल दंड लावायचा तो वाजवी शुल्क म्हणून लावावा, वाढीव व्याज म्हणून लावू नये, आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवू नये. हे नियम २०२४ सालात अमलात आले. उतारा ओळीनओळ पाहिला म्हणजे असे काही झाले आहे का ते कळते. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण ते करायला वकील लागत नाही. घरातला दहावी-बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी ते करू शकेल.

साठ दिवस संपले आणि तोड निघाली नाही, तर बँक ताबा घेण्याकडे वळते. पहिल्याने बहुधा कागदोपत्री ताबा घेतला जातो. दारावर नोटीस लागते आणि दोन वर्तमानपत्रांत छापून येते. त्यात एक स्थानिक भाषेतले असावे लागते. प्रत्यक्ष घर रिकामे करून घ्यायचे असेल आणि तुम्ही सोडत नसाल, तर बँकेला जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाऊन हुकूम आणावा लागतो. चार धिप्पाड माणसे जीपमधून उतरली आणि “सामान बाहेर काढा” म्हणाली, तर त्यांच्याकडे तो हुकूम मागा. हुकूम नसेल तर त्यांना दारात उभे राहण्याचाही हक्क नाही. आणि हुकूम असेल तर हुज्जत घालू नका. ती वेळ न्यायाधिकरणात धाव घेण्याची असते.

ते न्यायाधिकरण म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरण. नाव ऐकून ते फक्त बँकेसाठी आहे असे वाटते. पण बँकेने ताब्याचे पाऊल उचलल्यापासून पंचेचाळीस दिवसांच्या आत कर्जदारालाही सरफेसीच्या कलम १७ खाली तेथे अर्ज करता येतो, आणि असे न्यायाधिकरण नागपुरातच आहे. मुंबईला जावे लागत नाही. साध्या दिवाणी कोर्टात या बाबतीत मनाई हुकूम मागायला जाऊ नका, कारण कायद्याने तो दरवाजा बंद केला आहे. पूर्वी न्यायाधिकरणात जायचे तर येणे रकमेच्या पाऊणपट रक्कम आधी भरावी लागे. बुडत्याला वर येण्यासाठी आधी पोहून दाखव म्हणावे तसाच तो प्रकार होता. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली मार्डिया केमिकल्सच्या निकालात ती अट रद्द केली. आता पहिल्या अर्जाला अशी रक्कम भरावी लागत नाही. मात्र त्या निकालावर वरच्या न्यायाधिकरणाकडे अपील करायचे तर साधारण निम्मी रक्कम भरावी लागते. तेथील अध्यक्ष ती पाव हिश्श्यापर्यंत कमी करू शकतात, त्याखाली नाही. म्हणून पहिलाच अर्ज नीट तयार करा. नोटीस चुकीच्या नावावर गेली, लेखी हरकतीला उत्तर दिले नाही, घराची किंमत तज्ज्ञाकडून न ठरवता उरकली, लिलावाची तीस दिवसांची नोटीस दिली नाही, अशा मुद्द्यांवर ताबा किंवा लिलाव रद्द होऊ शकतो. “आम्ही गरीब आहोत” एवढ्या मुद्द्यावर होत नाही. हे कटू आहे, पण आधी माहीत असलेले बरे.

घर परत सोडवण्याची संधी कोठवर असते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. पूर्वी प्रत्यक्ष विक्री पुरी होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता येई. २०१६ च्या दुरुस्तीनंतर ही मुदत लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. म्हणजे लिलावाच्या आदल्या रात्री मेहुण्याने पैसे आणून दिले तरी तो हक्क तोवर गेलेला असतो. मेहुण्याला आधीच बोलवा. आणि घर विकले गेलेच, तर बँकेचे येणे व खर्च वजा जाता उरलेली रक्कम तुमची आहे. ती मागायला लाजू नका.

या कायद्याच्या बाहेर काय राहते तेही सांगतो. एक लाखापर्यंतचे येणे बाहेर. मुद्दल-व्याजाच्या वीस टक्क्यांहून कमी रक्कम उरली असेल तर तेही बाहेर, म्हणजे घराचे कर्ज बहुतेक फेडून झालेल्याला मोठाच आधार. आणि शेतजमीन बाहेर. मात्र जमीन खरोखर शेतीची असली पाहिजे, तीत पीक निघत असले पाहिजे. सातबाऱ्यावर ‘शेती’ आणि जागेवर मंगल कार्यालय, असे असेल तर हा बचाव टिकत नाही. आणखी एक. शेतजमीन सरफेसीच्या बाहेर आहे याचा अर्थ ती कधीच विकली जाणार नाही असा नव्हे. दावा लावून, नाहीतर सहकार कायद्याने तिच्यापर्यंत पोचता येते.

बँकेशी तडजोड होऊ शकते. एकरकमी परतफेडीत व्याज सोडले जाते, कधी दंड माफ होतो. पण तो तुमचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये बिजनौरच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. बँकेने द्यावी तर मिळते. मिळाली तर लेखी घ्या आणि त्यातली तारीख चुकवू नका. एक दिवस चुकला तरी जुने येणे पुन्हा उभे राहण्याची अट त्या पत्रात बहुधा असते.

आता पतसंस्था. वीज केंद्रातल्या आणि खाणीतल्या कामगारांचे सर्वांत जवळचे कर्ज हेच. पगारातून कपात होते म्हणून त्रास जाणवत नाही आणि एकमेकांना जामीन राहिले की पैसे लवकर मिळतात. येथे सरफेसी नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली संस्था निबंधकांकडून वसुलीचा दाखला मिळवते. लोक त्याला ‘एकशे एकचा दाखला’ म्हणतात. दाखल्यापूर्वी निबंधक तुम्हाला बोलावतात. त्या तारखेला हजर राहणे हीच खरी लढाई आहे. हिशेबाचा वाद, भरलेल्या पावत्या, खोटी सही, जे काय असेल ते तेथेच मांडायचे. पुढे फेरतपासणीचा अर्ज करायचा तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते, आणि निम्मी रक्कम जवळ असती तर ही पाळी आली नसती. दाखल्यानंतर वसुली अधिकारी जप्ती आणि लिलाव करू शकतो. स्थावर मालमत्तेचा लिलाव झालाच, तर तीस दिवसांत थकबाकी, आणि खरेदीदारासाठी लिलावाच्या किमतीवर पाच टक्के, असे भरून विक्री रद्द करून घेता येते. ही शेवटची खिडकी आहे. महिनाभरच उघडी असते.

जामीनदारांविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण आपल्या भागात कर्जापायी मोडलेली मैत्री मला तरी बुडालेल्या कर्जाहून जास्त दिसते. “नुसती सही कर, दादा, पैसे मी भरतो.” पाळीवरून सुटताना, चहाच्या टपरीवर सही होते. कायद्याच्या दृष्टीने ती ‘नुसती’ सही नसते. भारतीय करार अधिनियमाच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. संस्थेने आधी कर्जदारामागे लागावे, त्याचे संपल्यावर जामीनदाराकडे यावे, असा नियम नाही. उलट ज्याचा पगार चालू आहे आणि पत्ता पक्का आहे त्याच्याकडे ती आधी जाते. कर्जदार ठेकेदारी सोडून चंद्रपूरकडे निघून गेला तर कपात सुरू होते ती जामीनदाराच्या पगारातून.

पण जामीनदारही अगदी निराधार नाही. तुम्ही मित्राचे कर्ज भरलेत, तर भरलेल्या रकमेपुरते तुम्ही संस्थेच्या जागी येता. संस्थेकडे जे तारण असेल त्यावर तुमचा हक्क पोचतो आणि भरलेले पैसे मूळ कर्जदाराकडून वसूल करता येतात. म्हणून भरणा केल्याची पावती स्वतःच्या नावाने घ्या, ‘अमुकच्या खात्यात जामीनदार म्हणून भरले’ असे तीवर लिहून घ्या, आणि तीन वर्षांच्या आत मागणी कोर्टात न्या. तीन वर्षे मैत्रीखातर थांबलात तर हक्क जातो. पुढची गोष्ट. तुमच्या संमतीवाचून संस्थेने आणि कर्जदाराने कराराच्या अटी बदलल्या असतील, तर बदलानंतरच्या व्यवहाराची जबाबदारी तुमच्यावर राहत नाही. मात्र जामीनपत्रातल्या छापील मजकुरात अशा बदलांना आधीच संमती घेऊन ठेवलेली असते, म्हणून ते पत्र वाचल्याशिवाय या मुद्द्यावर भिस्त ठेवू नका.

पगार सगळाच जाईल काय, ही भीती पुष्कळांना असते. दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यात पगार जप्त झाला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. पगार एकतीस हजार धरला तर एकवीस हजाराला हात लागत नाही, दहा हजार जप्त होऊ शकतात. एकाच हुकूमनाम्यासाठी अशी जप्ती चोवीस महिने चालली की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मोकळा होतो. पतसंस्थेला तुम्ही स्वतः लिहून दिलेली कपात मात्र निराळी. तिला हे गणित लागू करता येत नाही. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांना हुकूमनाम्याची जप्ती लागत नाही. त्याच कलमात आणखी काय काय वाचवले आहे पाहा. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल आणि बियाणे, शेतकरी स्वतः राहतो ते घर, आणि धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने. म्हणजे मंगळसूत्राला बेलिफाने हात लावायचा नसतो. हा कायदा १९०८ सालचा आहे. लिहिणाऱ्यांना घर म्हणजे काय ते कळत होते, असे हे कलम वाचताना वाटते. मात्र जे घर तुम्ही स्वतः तारण दिले, त्याला या सवलतीचा उपयोग होत नाही.

तुरुंगाची भीतीही घातली जाते. नुसते देणे थकले म्हणून तुरुंग नाही. पैसे असून दडवले, कोर्टाला फसवण्यासाठी मालमत्ता इकडची तिकडे केली, असे सिद्ध झाले तरच दिवाणी कैदेचा प्रश्न येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच हे सांगितले आहे. आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला मुळीच अटक करता येत नाही. मात्र चेक ही निराळी गोष्ट आहे. कोरा चेक सही करून दिला, त्याने तो भरून बँकेत टाकला आणि परत आला, तर तो फौजदारी मामला होतो. त्याची नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम द्यायची असते. ती नोटीस कधीही पडू देऊ नका.

आता तिसरा, म्हणजे खासगी सावकार. आपल्या प्रदेशाला या बाबतीत जुनी परंपरा आहे. मंदीच्या काळात कर्जदार आणि सावकार यांना समोरासमोर बसवून कर्ज कमी करून देणारी समझोता मंडळे कायद्याने स्थापण्याचे काम देशात पहिल्याने मध्यप्रांतात झाले. तो कायदा १९३३ चा. कामगारांच्या बाबतीत व्हिटले कमिशनने १९३१ साली अशी शिफारस केली होती की कर्जवसुलीसाठी कारखान्याच्या दारात ठाण मांडून बसणे हाच गुन्हा ठरवावा. आज महाराष्ट्रात सावकारी नियमन अधिनियम, २०१४ आहे, आणि कर्जदाराचा पाठलाग करणे, त्याला धमकावणे, त्याच्या घराजवळ किंवा कामाच्या जागेजवळ घुटमळत राहणे हा त्यात गुन्हा आहे. पगाराच्या दिवशी फाटकावर उभ्या राहणाऱ्या शेठजींना हे कोणी तरी सांगायला हवे.

या कायद्याचे मुख्य सूत्र परवाना. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि परवाना नसलेल्या सावकाराला कोर्ट हुकूमनामा देत नाही. व्याजाचे दरही सरकारने ठरवून दिलेले आहेत. २०१४ साली ठरलेले दर असे: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला नऊ टक्के, विनातारण बारा. इतरांना तारणावर पंधरा आणि विनातारण अठरा. आता आपल्याकडे “शेकडा पाच” म्हणतात ते महिन्याचे असते. म्हणजे वर्षाचे साठ टक्के. आणि दामदुप्पटीचे जुने तत्त्वही आहेच. मुद्दलापेक्षा जास्त व्याज सावकाराला वसूल करता येत नाही.

खरा घात होतो तो कागदात. सावकार हुशार असतो. तो गहाणखत करत नाही, खरेदीखत करून मागतो. “पैसे परत केले की वावर पलटवून देतो,” असे तोंडी सांगतो, आणि सावनेरच्या दुय्यम निबंधकासमोर शेतकरी अंगठा देऊन येतो. कागदावर विक्री झालेली असते. दोन वर्षांनी पैसे घेऊन जावे तर तो म्हणतो, कशाचे कर्ज, मी तर विकत घेतले. येथे बहुतेक लोक हाय खातात. पण २०१४ च्या कायद्याचे कलम १८ नेमके याच रोगावरचे औषध आहे. सावकारीच्या व्यवहारात कर्जापोटी गेलेली स्थावर मालमत्ता, कागद विक्रीचा असला तरी, अर्जाच्या आधीच्या पंधरा वर्षांतली असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, चौकशी करून तो व्यवहार रद्द ठरवू शकतात आणि जमीन किंवा घर मूळ मालकाला परत देण्याचा हुकूम करू शकतात. त्यासाठी वकील हवाच असे नाही. पुरावा मात्र हवा. बाजारभाव आठ लाख असताना खरेदीखतात दोन लाख लिहिले आहेत काय? विक्रीनंतरही वाही तुम्हीच करत होता काय? व्याज दिल्याच्या नोंदी, फोनवरून पाठवलेले पैसे, साक्षीदार? त्याच सावकाराने गावातल्या आणखी चौघांकडून अशीच खरेदीखते करून घेतली असतील तर त्यांना बरोबर घ्या. एकट्याचा अर्ज म्हणजे तक्रार ठरते. पाच जणांच्या अर्जांतून त्याचा धंदा दिसतो, आणि कायद्याला तो धंदाच सिद्ध करून हवा असतो.

दिवाणी कोर्टातही ही वाट अगदी बंद नाही. लेखी दस्ताविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही, हा सर्वसाधारण नियम खरा. पण दस्त नुसता दिखाव्याचा होता आणि खरा व्यवहार कर्जाचा होता हे दाखवायला तोंडी पुरावा देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने गंगाबाई विरुद्ध छबूबाई या खटल्यात ठरवले आहे. आणि दस्त उघडच गहाणाचा असेल, किंवा एकाच कागदात विक्री व परत देण्याची शर्त दोन्ही लिहिलेली असून तो व्यवहार गहाणाचा ठरत असेल, तर सोडवण्याचा हक्क तीस वर्षांपर्यंत जिवंत राहतो. आजोबांच्या पेटीतला जुना कागद फेकून देण्यापूर्वी एकदा वाचवून घ्या तो यासाठी.

वकिलाच्या फीचा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे मोफत वकील कोणाला मिळतो? गरिबांना, हे सर्वांना माहीत आहे. पण स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मिळतो, आणि त्याच कलमात ‘औद्योगिक कामगार’ हे शब्दही आहेत. खाणीतला किंवा वीज केंद्रातला कामगार त्यात येऊ शकतो. तरीही अर्ज मात्र फारसे कोणी करत नाही. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा नागपूरच्या जिल्हा प्राधिकरणाकडे करायचा. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते. याच व्यवस्थेतून लोकअदालत भरते. तेथे बँका थकलेली खाती घेऊन बसतात आणि सवलतही देतात. पण तेथील निवाड्यावर अपील नाही. न झेपणारा हप्ता कबूल करून येऊ नका.

सर्व बाजूंनी बुडालेल्यासाठी १९२० सालचा प्रांतिक नादारी कायदाही अजून आहे. जिल्हा न्यायालयात अर्ज करून नादार ठरवून घेता येते आणि पुढे देण्यातून मुक्तता मागता येते. तारणावरचे कर्ज त्यातून सुटत नाही, आणि मालमत्ता कोर्टाच्या हाती जाते. हा मार्ग शेवटचाच.

बचतगटातल्या भगिनींनी एवढे लक्षात ठेवावे की सूक्ष्म कर्जाची वसुली ठरलेल्या जागी व्हायची असते. वसुलीवाला लागोपाठ दोन वेळा त्या जागी कोणी भेटले नाही तरच घरी येऊ शकतो, आणि बँकेचा असो की कंपनीचा, सकाळी नऊच्या आधी व संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी त्रास देण्याची रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

कर्जदार वारला तर? बापाचे ऋण मुलाने फेडावे, ही आपली जुनी शिकवण. २००५ च्या दुरुस्तीनंतर काढलेल्या कर्जाबाबत केवळ धर्मकर्तव्य म्हणून मुलावर किंवा नातवावर ती जबाबदारी कायदा टाकत नाही. बापाकडून जेवढी मालमत्ता आली तेवढ्यापुरतीच जबाबदारी येते. मुलाने स्वतः जामीन म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी. तेराव्याच्या दिवशी कोणी ‘नुसत्या माहितीसाठी’ म्हणून सही मागायला आले तर ती देऊ नका.

आणि कर्ज फिटल्यावर काम संपले असे समजू नका. बँकेने सर्व मूळ कागद तीस दिवसांत परत द्यायचे आणि तारणाची नोंद काढून टाकायची, हा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. तिच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला पाच हजार रुपये तिने तुम्हाला द्यायचे. बेबाकीचा दाखला हाती घ्या, तो घेऊन तलाठ्याकडे जा, आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यातला बोजा कमी झाला की नवा उतारा काढून कागदांबरोबर ठेवा.